कालच्या जागेवरचा भोंगा

४ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय दादा,

नमस्कार. राग आलाय, पण नमस्कार केल्याशिवाय पत्र सुरू करायचं नाही ही तुझीच शिकवण, म्हणून केला. वहिनीलाही सांग. तिचा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हणावं, आणि तूही तिला चष्मा आण, पाणी आण करत घरभर पळवू नकोस.

काल संध्याकाळी मी येऊन गेले. तू आंघोळीला गेलायस, असं वहिनी अर्ध्या दारातूनच म्हणाली. मी जिन्यात बसून राहिले. एवढी आंघोळ तू लग्नाच्या दिवशीसुद्धा केली नव्हतीस. शेवटी उठले आणि घरी आले. फोन तू उचलत नाहीस, उचललास तर "नंतर बोलू" म्हणून ठेवून देतोस. मग उरलं पत्र. गाडी चालवायला लागलास तेव्हा मुक्कामाच्या खोल्यांतून मला लांबलचक पत्रं लिहायचास आणि मी त्यातल्या चुकांना लाल गोल करून ती परत पाठवायचे. हे तू तसंच परत पाठवलंस तरी चालेल. वाच मात्र.

इकडे काम बंद आहे. आम्ही सगळे सामानाच्या शेडमध्ये बसून असतो. मुकादम सकाळी हजेरी घेतो, मग आम्ही उरलेली सौर पॅनेलं पुसतो. काल पुसलेलीच आज पुन्हा पुसतो. शिट्टीवाल्या मावशींना दवाखान्यातून घरी सोडलं. मनगट मोडलंय, प्लास्टर आहे. मी भेटायला गेले तर म्हणतात, "शिट्टीला हात लागतोच कुठे गं, मी उद्यापासून येते." त्यांची सून डोळे वटारून बघत होती. तुझ्याबद्दल त्यांनी एक वावगा शब्द काढला नाही. "तुझा दादा जेवतो ना नीट?" एवढंच विचारलं. मला तोंड वर करून बघवेना.

तू आमचं काम कायम वरून, इंजिनातून बघितलंस. खालून ते कसं असतं हे तुला मी कधी सांगितलंच नाही, कारण तू "खेळणी मांडताय रुळात" म्हणून चिडवायचास. तर ऐक. दोन रुळांच्या मधे, खालच्या आडव्या स्लीपरवर, आम्ही एकेक पॅनेल बसवतो. दोघांनी उचलायचं, तिसरीने खालचे चिमटे सरळ धरायचे, चौथ्याने आवळायचे. जास्त आवळलं तर काच तडकते, कमी आवळलं तर गाडीच्या हादऱ्याने खडखडते. मग ढकलगाडी रुळावरून थोडी पुढे सरकवायची आणि पुढचं पॅनेल घ्यायचं. आज जिथे संपलं तिथून उद्या पुढे. गाड्या काही आमच्यासाठी बंद होत नाहीत. तुझी संध्याकाळची गाडी यायची वेळ झाली की लांबवर लाल निशाण रोवलेलं असतंच, मावशी शिट्टी मारतात, ढकलगाडी खाली उतरते, आम्ही सगळे बाजूला होतो. मग प्रत्येकाने एक हात वर करायचा. वर केलेला हात म्हणजे, मी तुला पाहिलंय, मी रुळावर नाही, ये. तू निशाणापाशी थांबलेला असायचास; निशाण काढलं की आखूड भोंगा द्यायचास आणि जायचास. माझ्यासाठी शेवटी आणखी एक, चोरून. अख्खी टोळी माझ्याकडे बघून हसायची.

त्या शुक्रवारी काय झालं ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आता सगळ्या गावाला माहीत आहे. तरी मी जे पाहिलं ते एकदा लिहिते, कारण तू मला विचारलंच नाहीस. आम्ही मागे, रुळाखालच्या मोरीपाशी होतो. आठवड्यापूर्वी बसवलेली काही पॅनेलं तडकली होती, ती बदलत होतो. निशाण होतं. मी स्वतः रोवलं होतं. मावशींनी शिट्टी मारली, आम्ही ढकलगाडी उतरवायला लागलो. गाडी निशाणापाशी थांबेल म्हणून घाई कुणीच केली नाही. गाडी थांबली नाही. हळूसुद्धा झाली नाही. आमच्या टोळीतला लांब्या अजून रुळात वाकलेला होता, चिमटा सोडवत. मावशींनी त्याला पट्ट्याला धरून ओढलं आणि त्याच्यासकट खडीत पडल्या. मग गाडी ढकलगाडीवर आदळली आणि काचेचा जो आवाज झाला, दादा, तो अजून कानातून जात नाही.

तू खूप पुढे जाऊन थांबलास. मी धावत आले होते. तू खिडकीतून खाली बघत होतास आणि मला "कोण आहे?" असं विचारलंस.

वहिनीने काल नंतर जिन्यात येऊन, माझा हात हातात घेऊन सांगितलं, "ते म्हणतात पॅनेलांवरून उन्हाचा झोत डोळ्यांत आला. तू तिथली आहेस. तू एवढं सांगितलंस की पॅनेलं चमकतात, तर त्यांची नोकरी राहील." चौकशी सोळा तारखेला, सोमवारी. मला बोलावलंय.

मी वहिनीला "बघते" म्हटलं. तुला एक विचारायचं होतं, पण ते समोरासमोरच. दार उघडशील तेव्हा.

तुझी,
भिंगरी


७ फेब्रुवारी, शनिवार

प्रिय दादा,

नमस्कार.

पत्र पोचलं म्हणे. वहिनी बाजारात भेटली. म्हणाली, "मी वाचून दाखवलं, अक्षर फार बारीक आहे तुझं." माझं अक्षर मुंगीच्या पायांचं आहे असं तू आयुष्यभर ओरडत आलास, पण वाचायचास. आणि जिन्यातल्या आंघोळीचं वाचून हसलास का, असं विचारलं तर ती भाजीवाल्याकडे वळली. असो. या वेळी मोठं काढायचा प्रयत्न करते.

तू माझी काय गोची करून ठेवली आहेस, याची तुला कल्पना आहे का?

परवा तुमच्या संघटनेचे सचिव घरी आले. पायातले बूट न काढता आत, खुर्चीत बसले, पाणी मागितलं. म्हणाले, "ताई, तुमच्या एका वाक्यावर माणूस तरतो." पॅनेलं चमकतात, आम्ही मुकादमाला सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही. एवढं मी म्हणायचं. मी म्हटलं, आम्ही तर असं कधी सांगितलं नाही. तर हसले. "आता सांगा की." जाताना दारातून म्हणाले, "रक्ताचं नातं आहे शेवटी."

काल मुकादमाने बाजूला घेतलं. तो तसा वाईट माणूस नाही, पण त्यालाही वरून कुणीतरी दम दिलेला असणार. म्हणाला, "पॅनेलांवरचा थर खरखरीत असतो, ती चमकत नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तेवढं खरं सांग. पुढच्या महिन्यात कायम करायच्या यादीत तुझं नाव आहे." आता बोल! खरं बोलले तर नोकरीसाठी भाऊ विकला म्हणतील. खोटं बोलले तर सगळ्या टोळीच्या पोटावर पाय येईल, कारण मग सगळ्या मार्गावरची पॅनेलं उपटून काढतील. शेडमध्ये मी आत गेले की बोलणं थांबतं. लांब्याने परवा स्वतःहून चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि लगेच उठून दुसरीकडे जाऊन बसला. त्याच्या मनात काय आहे ते मी विचारलं नाही. तो मेला असता, दादा. त्याला विचारायचं तरी काय?

मला चिडायचं नव्हतं. काहीतरी चांगलं लिहावं म्हणून काल आठवत बसले होते. तुझी मागची डॉक्टरी तपासणी झाली तेव्हा आपण सगळे तुझ्याकडे जेवायला होतो. तू डोळ्यांच्या तक्त्यावरची सगळी अक्षरं, वरपासून अगदी खालच्या ओळीपर्यंत, घडाघडा म्हणून दाखवलीस. आम्ही टाळ्या वाजवल्या. तुझं पाठांतर म्हणजे काय, लहानपणी तू या मार्गावरची स्टेशनं उलटसुलट म्हणायचास आणि मी चुकले की टपली मारायचास. वहिनी तेवढी हसली नव्हती. भात वाढत होती.

आणि टोळीतला तुझा तो विनोद. तुला कुणी सांगितला नसेल. गेले काही दिवस तू आम्ही असू तिथे भोंगा द्यायचा सोडून, आदल्या दिवशी जिथे होतो तिथेच द्यायचास. रिकाम्या रुळाला, लांबलचक. मग तिथून गाडी अगदी हळू, गोगलगायीसारखी आमच्यापर्यंत यायची. मावशी म्हणायच्या, "भिंगरीचा दादा कालच्या माणसांना रामराम करतोय." आम्ही पोट धरून हसायचो. मुकादम म्हणायचा, "हसू नका, सावध चालक याला म्हणतात."

हे मी का लिहिलं कोण जाणे. हसू यावं म्हणून लिहायला घेतलं होतं. आता मीच ते पुन्हा पुन्हा वाचतेय.

मी ठरवलंय. उगाच याचं ऐक, त्याचं ऐक, हे नको. सोमवारपासून आमचं सामानाचं इंजिन मोडकी पॅनेलं गोळा करायला त्या बाजूला जाणार आहे. मी मुकादमाला सांगून त्यात बसणार, तुझ्याच वेळेला, मोरीआधीच्या त्याच वळणावरून, तू बसतोस तेवढ्याच उंचीवरून. झोत येतो की नाही ते माझ्या डोळ्यांनी बघणार. आला तर दादा, मी त्या चौकशीच्या टेबलावर हात आपटून सांगेन. सचिवांसाठी नाही, वहिनीसाठीही नाही. मला सगळ्यांत जास्त बरं वाटेल म्हणून.

झोत येऊ दे, एवढंच मागणं आहे.

तुझी,
भिंगरी

ता. क. तू मला "कोण आहे?" का विचारलंस? मी अगदी खाली उभी होते. तुझ्या खिडकीखाली. केशरी जाकीट घालून.


१२ फेब्रुवारी, गुरुवार

दादा,

हे जाड पेन आम्ही पॅनेलांच्या पाठीवर आकडे घालायला वापरतो. पुसलं जात नाही. एका पानावर चार-पाच ओळीच मावताहेत, त्यामुळे पाकीट फुगलंय. वहिनीच्या हातात देणार नाही. ती देवळात जाते... नाही, खोटं कशाला, ती मला सांगूनच शेजारी जाणार आहे आणि मी हे दाराखालून सरकवणार आहे. खिडकीपाशी उजेडात बस. डोळ्यांजवळ घे, कुणी बघत नाही. हे तू स्वतः वाचायचं आहेस. कितीही वेळ लागू दे.

मी दोनदा जाऊन आले.

पहिल्या दिवशी ऊन स्वच्छ होतं, ढगाचा ठिपका नाही. तुझ्याच बाजूला बसले. इंजिन चालवणारे काका चांगले आहेत, "बस बाई, पण काही बटण दाबू नकोस" म्हणाले. वळण आलं. मी डोळे फाडून बघत होते. मोरी जवळ यायला लागली तसं समोर रुळात काहीतरी लख्खकन चमकलं आणि मी उडालेच जागेवरून. "काका, दिसलं? दिसलं का तुम्हाला?" माझा जीव भांड्यात पडला होता. वाटलं, सुटलो. काका म्हणाले, "तो रूळ आहे गं. रुळाची पाठ. जन्मभर चमकतेय ती."

पॅनेलं काळी होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती काळी, शाळेतल्या फळ्यासारखी. मी मान वाकडी केली, उभी राहिले, खाली वाकले. पुन्हा दुसऱ्या दिवशी गेले, म्हटलं काल काही राहिलं असेल. काही नाही. आणि निशाण रोवायची जागा, ती मी रोवली होती तीच, मला लांबून दिसत होती. काकांना मी मुद्दाम सांगून तिथे तेच लाल निशाण रोवून घेतलं होतं. ऊन समोरून येत असतानाही ते दिसत होतं. काकांना तर माझ्याआधी दिसलं, आणि ते तुझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत.

परत येताना काकांनी विचारलं, "काय झालं, बरं नाही वाटत का?" मी म्हटलं, उन्हाने डोकं दुखतंय.

झोत नव्हता, दादा. तुला दिसत नाहीये.

लिहिलं. एकदाचं. आठ दिवस मी याच्याभोवती घिरट्या घालतेय, तुझी चेष्टा करतेय, वहिनीच्या गुडघ्याची चौकशी करतेय. मला ते बहुतेक तेव्हाच कळलं होतं, तू खिडकीतून माझ्याकडे बघून "कोण आहे?" म्हणालास तेव्हा. मी मनाला सांगितलं, घाबरलाय, भांबावलाय. तसं नव्हतं. माझा आवाज ऐकलास आणि मग तुझा चेहरा बदलला.

आता तो भोंग्याचा विनोद मी सरळ करून सांगते, म्हणजे चौकशीत मला काय सांगावं लागेल ते तुला कळेल. तुला आम्ही दिसत नव्हतो. आम्ही काल कुठे होतो ते तुझ्या लक्षात असायचं. आम्ही रोज पुढेच सरकणार हे तुला माहीत होतं. म्हणून तू कालच्या जागेपर्यंत नेहमीच्या वेगाने यायचास, तिथे भोंगा द्यायचास आणि तिथून पुढे गाडी हळू करून चाचपडत यायचास, निशाणाचा लाल रंग अगदी जवळ येऊन कळेपर्यंत. आम्ही त्याला सावधपणा म्हणत होतो. आणि त्या शुक्रवारी आम्ही पुढे गेलोच नव्हतो. तडकलेली पॅनेलं बदलायला आम्ही मागे आलो होतो. तुझ्या पाठांतरात आम्ही त्या मोरीपाशी नव्हतोच. तिथे तुझ्या लेखी मोकळा रूळ होता.

तू तो मार्ग डोळे मिटून चालवू शकतोस असं सगळे कौतुकाने म्हणायचे. तू खरंच तसा चालवत होतास. मागे डबे भरून माणसं घेऊन. कामावरून घरी चाललेली, झोपलेली, खिडकीला डोकं टेकलेली.

किती दिवसांपासून, दादा? वहिनीला माहीत आहे, हे मला तिच्या भात वाढण्यावरून आता कळतंय. तो तक्ता तू रांगेतल्या पुढच्या माणसांचं ऐकून पाठ केलास ना? आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मला इतका राग आलाय तुझा की समोर असतास तर मी तुला मारलं असतं, वयाचा मान गेला खड्ड्यात. लांब्याची मुलगी अजून चालायला शिकतेय. मावशी तुझ्या जेवणाची काळजी करताहेत. आणि तू आंघोळीला!

थांब. हे पान फाडणार होते, पण असू दे.

मला ठाऊक आहे तू का लपवलंस. इंजिनातून उतरलेला तू कसा दिसशील, हे तुलाच ठाऊक नाही. बाबा गेले तेव्हा तू शाळा सोडून शेडमध्ये इंजिनं पुसायला लागलास आणि माझी फी भरलीस. त्या दिवसापासून तू इंजिनवाला आणि मी इंजिनवाल्याची बहीण. या गावात मला कुणी कधी बापाच्या नावाने ओळखलं नाही. तो भोंगा वाजला की मी रुळाकडेला उभी राहून अशी फुगायचे की बस. आणि तो चोरून दिलेला आखूड भोंगा, माझा, तो तू शेवटपर्यंत बरोब्बर द्यायचास. मी दिसत नसताना कसा द्यायचास? अंदाजाने? टोळीतल्या हसण्यावरून? हे मला आज दुपारी डबा खाताना सुचलं आणि मी डबा तसाच बंद केला.

पण मी खोटं सांगणार नाही. पॅनेलं चमकतात असं मी म्हटलं तर तू सुटशील. आणि सुटलास की काय होईल? पुढच्या आठवड्यात तू पुन्हा त्या खुर्चीत बसशील आणि आम्ही पुन्हा रुळात असू. तुला वाचवायचं म्हणजे तुला परत तिथे पाठवायचं. हे मला जमणार नाही. मुकादमाला मी सांगून टाकलं, कायमच्या यादीतून माझं नाव काढ, नाहीतर मी जे बोलेन ते नासेल. तो "वेडी आहेस" म्हणाला. आज सकाळी त्याने काढलंय. सचिवांनाही सांगितलं. ते काय म्हणाले ते लिहीत नाही.

मी डॉक्टरांना विचारलं, तुझं नाव न घेता. काही आजार असे असतात की वेळेत गेलं तर सुधारतात, काही आहे तिथे थांबवता येतात, काही नाही. बघितल्याशिवाय सांगता येत नाही म्हणाले. काकांनाही विचारलं. जो चालक स्वतःहून येऊन सांगतो की मला दिसत नाही, त्याला उतरवतात, पण हाकलत नाहीत. डेपोत, नव्या मुलांना शिकवायला, कुठेतरी घेतात. या मार्गाचा एकेक चढ-उतार तुझ्या डोक्यात आहे, तो शिकवायला डोळे लागत नाहीत. ज्याला चौकशीत पकडतात, त्याचं मात्र काही खरं नसतं. आता त्या शुक्रवारनंतर स्वतःहून सांगणं म्हणजे उशीरच, ते मी गोड करून सांगत नाही. शिक्षा होईल. पण माझ्या तोंडून ऐकण्याआधी त्यांनी ते तुझ्या तोंडून ऐकलं, तर फरक पडेल. आणि मला तर फारच पडेल.

तू म्हणशील, भिंगरे, तुला काय कळतं, माझी नजर ठणठणीत आहे. ठीक आहे. मग एक कर.

सोमवारी सकाळी, चौकशीला निघायच्या आधी, मी तुझ्या घरासमोरच्या रस्त्यावर येईन. केशरी जाकीट घालून. तू वरच्या खिडकीत उभा राहा, एकटा. वहिनी त्या वेळी खाली माझ्याजवळ असेल, मी तिला बोलावून घेईन, म्हणजे तुला कानात सांगायला कुणी नसेल. निशाणापासून टोळी जेवढी लांब असते, त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर मी तुझ्यापासून असेन. औषधाच्या दुकानापाशी असेन, की फाटकापाशी, की बसथांब्यावर, ते सांगत नाही. या वेळी पाठांतर चालणार नाही. मी हात वर करेन. तू मला पाहिलंस तर तूही तेव्हाच हात वर कर आणि मी खाली घेतला की खाली घे. तसं झालं तर मी भर रस्त्यात तुझी माफी मागेन, आत जाऊन "माझीच चूक झाली" म्हणेन आणि जन्मात पुन्हा तोंड उघडणार नाही. देवाशपथ, मला हरायचं आहे.

आणि नाही दिसले, तर उगाच हात हलवू नकोस. माझ्यासमोर तरी नको. खाली ये आणि दाराची कडी काढ. कठडा धरून ये, पंधरावी पायरी तुटकी आहे. मी तिथवर येते. मग आपण दोघं जाऊ. तिथे तू बोल, मी शेजारी बसेन, आणि तुझ्या मधे कुणी बोललं तर त्याची काही खैर नाही. तिथून परस्पर डॉक्टरकडे. वेळ मी घेऊन ठेवली आहे.

वर केलेल्या हाताचा अर्थ तुला माहीत आहे. मी तुला पाहिलंय. ये.

मी उभी असेन, दादा. दिसले नाही तरी असेन.

तुझी,
भिंगरी